घंटी वाजवली म्हणजे झालं?

परदेशात जाऊन आलेल्या माणसाला मॅगझिनवाले सोडत नाहीत. "लंडनवर काहीतरी लिही" म्हणून आमचे संपादक महाशय गेले दोन महिने मेसमध्ये, लायब्ररीत, इतकंच काय तर व्हायवाच्या रांगेत उभा असतानासुद्धा माझ्या मागे लागले होते. आता बिग बेन आणि टॉवर ब्रिजबद्दल मी नवीन काय सांगणार? ते सगळं तुम्ही घरबसल्या बघू शकता. मी लिहिणार आहे तिथल्या एका चिंचोळ्या, खडीच्या, पावसात चिकचिकाट होणाऱ्या वाटेबद्दल आणि त्या वाटेवर रोज होणाऱ्या भांडणाबद्दल. हे भांडण आहे सायकलवाले आणि पायी चालणारे यांचं. मी सायकलवाल्यांच्या पार्टीतला. म्हणजे होतो. आता नक्की कुठल्या पार्टीत आहे ते लेख वाचून तुम्हीच ठरवा.

तर झालं असं की सहावं सेमिस्टर इंटर्नशिपसाठी तिकडे काढायची संधी मिळाली. राहायला आत्याचं घर होतं, आल्पर्टनला. हा लंडनच्या पश्चिमेचा भाग. जवळच ईलिंग रोड आहे, तिथे भेंडी, मेथी, कढीपत्ता सगळं मिळतं आणि दुकानदार आपल्याशी थेट गुजरातीत सुरू होतो. लॅब होती किंग्ज क्रॉसजवळ. ट्यूबचा महिन्याचा पास पाहिला आणि डोळे पांढरे झाले! स्टायपेंड इतका, पास इतका, उरलं काय? मग काकांनी गॅरेजमधली जुनी सायकल काढून दिली आणि म्हणाले, "कालव्याच्या कडेनं जा. सिग्नल नाही, ट्रक नाही, रस्ता चुकायचा प्रश्नच नाही."

आणि खरंच, आल्पर्टनच्या स्टेशनपासून दोन मिनिटांवर कालवा आहे. ग्रँड युनियन कालव्याचा हा पॅडिंग्टन फाटा, 1801 सालचा. त्याच्या काठाने निघायचं, नॉर्थ सर्क्युलर या हमरस्त्यावरून कालव्यासकट (हो, खाली गाड्या आणि वर पुलावरून पाणी आणि बोटी!) पलीकडे जायचं, केन्सल ग्रीनची दफनभूमी मागे टाकायची की लिटल व्हेनिस येतं. तिथून रीजंट्स कालवा सुरू होतो. तो 1820 मध्ये पूर्ण झाला. रीजंट्स पार्क, प्राणिसंग्रहालयाचा एकेकाळी पक्ष्यांचा असलेला भला मोठा पिंजरा, कॅम्डेनची लॉक्स आणि मग किंग्ज क्रॉस. एकूण पंधरा-सोळा किलोमीटर. यातला बराच भाग इतका शांत आहे की आपण ऐंशी-नव्वद लाख वस्तीच्या शहरात आहोत हे विसरायला होतं.

या वाटेला तिकडे टो-पाथ म्हणतात. टो म्हणजे ओढणे. इंजिनं नव्हती तेव्हा कोळशाने भरलेल्या बोटी घोडे ओढायचे. घोडा काठावर, बोट पाण्यात आणि मध्ये लांबलचक दोरखंड. म्हणजे ही वाट मुळात माणसांसाठी नाहीच, सायकलसाठी तर नाहीच नाही. ती एका घोड्याच्या मापाची आहे. पुलाखाली दोरखंड घासून घासून लोखंडात बोट जाईल एवढ्या खोल खाचा पडल्या आहेत. रीजंट्स पार्कजवळ मॅकल्सफील्ड ब्रिज नावाचा पूल आहे. 1874 च्या ऑक्टोबरमध्ये दारूगोळा घेऊन जाणारी एक बोट बरोबर त्याच्याखाली असताना उडाली. बोटीवरचे तिघे गेले, पूल कोसळला. पुन्हा बांधताना जुनेच बिडाचे खांब वापरले, पण फिरवून बसवले. त्यामुळे त्या खांबांवर दोन्ही बाजूंना खाचा आहेत, स्फोटाआधीच्या एका अंगाला आणि नंतरच्या दुसऱ्या अंगाला. मेकॅनिकलवाल्यांनो, 'वेअर' हा चॅप्टर मला त्या पुलाखाली उभं राहून जेवढा समजला तेवढा पीएलमध्ये कधी समजला नाही.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी नाराज होऊ नये. सेंट जॉन्स वुडपासून सिटी रोडपर्यंत याच वाटेखालून 400 केव्हीच्या केबल्स गेल्या आहेत, 1979 मध्ये टाकलेल्या, आणि त्या थंड ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवतात. वर लोक कुत्री फिरवत असतात, खाली अर्ध्या शहराची वीज! असो. विषय भरकटतोय.

मुद्दा रुंदीचा आहे. बऱ्याच ठिकाणी ही वाट जेमतेम दोन मीटर. पुलाखाली त्याहून कमी, वर कमान डोक्यावर वाकलेली आणि नेमकं तिथेच वळण. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये कठडा बिठडा काही नाही. आणि एवढ्याशा पट्टीवर कोण कोण असतं? ऑफिसला निघालेले सायकलवाले, पळणारे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, कुत्रेवाले, सात-आठ मीटरचा गळ वाटेवर आडवा टाकून बसलेले मासे पकडणारे, बोटीतच संसार करणारे लोक (ते दार उघडतात ते थेट वाटेवर), इलेक्ट्रिक सायकलवरचे डिलिव्हरीवाले आणि या सगळ्यांना अजिबात न जुमानणारी मोठाली बदकं. गंमत म्हणजे पाण्यातल्या बोटीला ताशी 4 मैलांची मर्यादा आहे. काठावरच्या सायकलला मात्र तसा आकडाच नाही! तिकडच्या रस्त्यांवरच्या वेगमर्यादासुद्धा मोटारींसाठी असतात, सायकलला लागू होत नाहीत. टो-पाथवर पायी चालणाऱ्याला अग्रक्रम आहे असे फलक आहेत, 'जरा हळू' अशा अर्थाच्या पाट्या आहेत. कालवे सांभाळणारा ट्रस्ट 2012 मध्ये आला, त्याच्या आधीच्या सरकारी खात्याने तर 'टू टिंग्ज' अशी मोहीमच काढली होती. म्हणजे सायकलवाल्याने दोनदा टिंग टिंग करायचं आणि दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं.

मी ते टिंग टिंग फार मनावर घेतलं. घंटी वाजवली म्हणजे आपलं कर्तव्य संपलं. आता बाजूला व्हायचं काम समोरच्याचं! पहिल्या आठवड्यात मला सव्वा तास लागायचा. महिन्याभरात पंचावन्न मिनिटांवर आलो. रोज रात्री होस्टेलच्या ग्रुपवर टायमिंग टाकायचो आणि इकडून शाबासक्या मिळायच्या. कोणी बाजूला व्हायला दोन सेकंद जास्त घेतले की मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचो. कानात इअरफोन घालून वाटेच्या मधोमध चालणारे, कुत्र्याची दोरी वाटेवर आडवी ताणून फोनवर बोलणारे... त्यांच्याबद्दल माझं जे मत होतं ते या मॅगझिनमध्ये छापता येणार नाही.

आता माईंबद्दल. माई म्हणजे आत्याच्या सासूबाई. वय चौऱ्याहत्तर, मूळच्या सांगलीच्या, काका गेल्यापासून... थांबा, चुकीचा अर्थ निघेल, आमचे काका ठणठणीत आहेत! माईंचे यजमान गेल्यापासून मुलाकडे लंडनला असतात. सांगलीला असताना कृष्णेच्या घाटावर रोज संध्याकाळी फेरी. तीच सवय त्यांनी इथे कालव्यावर लावून घेतली होती. नऊवारी नाही पण साडी, त्यावर स्वेटर, वर कोट, पायात कॅनव्हासचे बूट आणि खिशात बदकांसाठी काहीतरी. आत्या सांगायची की पहिल्या वर्षी त्यांना इथे करमायचं नाही, कालवा सापडला आणि माई रुळल्या.

मी गेलो तेव्हा मात्र त्यांची फेरी बंद होती. मला वाटलं गुडघे. एप्रिलमध्ये हवा जरा बरी झाली तेव्हा जेवताना सहज म्हटलं, "माई, तुम्ही कालव्यावर जात नाही आता?" तर त्या पोळी मोडत शांतपणे म्हणाल्या, "नाही रे. त्या सायकली फार अंगावर येतात."

झालं! माझ्यातला सायकलवाला जागा झाला. मी पंधरा मिनिटं भाषण ठोकलं. सायकलने कोणाचा जीव जात नाही, मोटारीने जातो. सायकल म्हणजे प्रदूषण नाही, पेट्रोल नाही. आणि आम्ही घंटी वाजवतो की! लोकांनी एका कडेने चालावं, एवढं साधं आहे. माई ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तू वाजवत असशील बाळा. पण मागून वाजली की मला कळतच नाही, कुठल्या कडेला जाऊ ते. भिंतीकडे का पाण्याकडे." आत्याने विषय बदलला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी रीजंट्स पार्कच्या पुढे एका पुलाखाली माझी सायकल एका आजोबांवर गेली. नियमाप्रमाणे घंटी वाजवली होती, दोनदा. वळण घेतलं तर ते समोर, पाठमोरे, हातात सामानाची पिशवी. ब्रेक दाबला, खडी ओली होती, मागचं चाक घसरलं आणि हँडल त्यांच्या कोपराला लागलं. पिशवीतले कांदे वाटेवर, दोन-तीन पाण्यात. ते भिंतीला टेकून उभे राहिले म्हणून पडले नाहीत. मी दहा वेळा सॉरी म्हणालो, वर हेही म्हणालो की मी घंटी वाजवली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बोटाने कानातलं यंत्र दाखवलं. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. मी कांदे गोळा करून दिले आणि ते हळूहळू निघून गेले. दोन मीटर पाण्याच्या बाजूला असते तर काय झालं असतं, हा विचार मला लॅबमध्ये दिवसभर सोडत नव्हता. त्या दिवशीचं टायमिंग मी ग्रुपवर टाकलं नाही.

त्या रविवारी मी माईंना म्हटलं, चला, आपण दोघं जाऊ, पायी. आढेवेढे घेत आल्या. आणि ज्या वाटेवरून मी जवळजवळ ऐंशी वेळा गेलो होतो ती मला नवीनच वाटली. सायकलवर असताना आपल्याला समोरचा दिसत असतो, त्यामुळे आपल्या दृष्टीने सगळं कंट्रोलमध्ये असतं. पायी चालताना सायकल मागून येते. दिसत नाही, फक्त अचानक असते! घंटी झाली की माई आधी दचकायच्या, मग मान वळवून मागे बघायच्या (सांगलीत आयुष्यभर तेच केलंय, मागून घंटी आली की वळून बघायचं कोण आहे) आणि वळताना नेमक्या वाटेच्या मध्ये यायच्या. सायकलवाला चिडायचा. चूक कोणाची? पाऊण तासात आमच्या बाजूने एकवीस सायकली गेल्या. मी मोजल्या, सवय. त्यातल्या पंधरा-सोळा जणांनी व्यवस्थित वेग कमी केला, दोघांनी तर 'गुड मॉर्निंग' म्हटलं. पण माईंच्या लक्षात राहिले ते उरलेले पाच. माझ्याही राहिले. आणि मी त्या पाचांतलाच होतो हे मला मान्य करावं लागलं.

आता थोडं गणित, नाहीतर इंजिनिअरिंगचं मॅगझिन कशाला म्हणायचं! मी, सायकल, सॅक मिळून 85 किलो धरा. वेग ताशी 25 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 7 मीटर. माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला की 7 मीटर गेले. ओल्या खडीवर ब्रेक लागायला आणखी 8. एकूण 15 मीटर. आणि पुलाखालच्या वळणावर दिसतं किती? चार-पाच मीटर. म्हणजे अपघात टळतो तो माझ्या कौशल्यामुळे नव्हे, पलीकडे कोणी नसतं म्हणून. हाच वेग ताशी 10 केला तर थांबायला 4 मीटर पुरतात. ऊर्जेचं बघा. 25 ला माझी गतिज ऊर्जा सुमारे 2000 ज्यूल. माई 55 किलो, सेकंदाला एक मीटर, म्हणजे 27-28 ज्यूल. सत्तर पट फरक! आणि आम्ही म्हणणार दोघांनी 'सारखं' सांभाळून घ्यावं. आता वेळ. माझ्या वाटेवर खरोखर अरुंद आणि आंधळे असे सगळे तुकडे मिळून फार तर दोन किलोमीटर. ते 25 ने गेलो तर पाच मिनिटं, 10 ने गेलो तर बारा. म्हणजे हा सगळा वाद सात मिनिटांचा आहे. लॅबमध्ये पोचल्यावर पहिली वीस मिनिटं मी कॉफी मशीनसमोर घालवायचो, ते वेगळंच.

म्हणून माझं मत असं, की टिंग टिंग हा उपाय नाही. घंटीने जबाबदारी एका झटक्यात समोरच्याच्या गळ्यात जाते आणि समोरचा बहिरा असू शकतो, लहान मूल असू शकतं, माई असू शकतात. ज्याच्याकडे 2000 ज्यूल आहेत त्याने आधी वेग कमी करायचा, मग घंटी किंवा त्याहून बरं म्हणजे तोंडाने दोन शब्द, आणि वाट मिळेपर्यंत मागे थांबायचं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी 2022 पासून हेच तत्त्व आलं आहे. ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी आणि पायी चालणारा सगळ्यांत वर. 'सायकलने कोणाचा जीव जात नाही' हे माझं जेवणाच्या टेबलावरचं वाक्यही खरं नव्हतं. 2016 मध्ये लंडनमध्येच, कालव्यावर नव्हे तर भर रस्त्यात, पुढचा ब्रेक नसलेल्या सायकलच्या धडकेत एक बाई गेली. त्या तरुणाला शिक्षा झाली ती 1861 च्या कायद्याखाली, घोडागाड्या बेफाम हाकणाऱ्यांसाठी केलेल्या! अशा घटना मोटारींच्या मानाने फारच विरळ, हे खरंच आहे. पण अपघातांच्या आकड्यांत एक गोष्ट येतच नाही. माईंना कधीच सायकल लागली नव्हती. कुठेही नोंद नाही, तक्रार नाही, प्लॅस्टर नाही. त्या फक्त यायच्या बंद झाल्या. अशा किती माई असतील ते कोण मोजणार?

पण म्हणून सायकलींना टो-पाथवर बंदी घाला म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. असे लोक तिकडे बरेच आहेत आणि ते तावातावाने बोलतात. त्यांनी एकदा सकाळी आठ वाजता हॅरो रोडवर सायकल चालवून बघावी. मी दोन दिवस चालवली. डबल डेकर बस आणि खडीचा ट्रक यांच्या मध्ये अडकल्यावर देव आठवतात. लोक हौस म्हणून कालव्यावर येत नाहीत, रस्त्यावर जीव नकोसा होतो म्हणून येतात. जुलै 2005 च्या बॉम्बस्फोटांनंतर ट्यूब नको म्हणून कितीतरी लोक सायकलवर आले, त्यानंतर सायकली वाढतच गेल्या, वाट मात्र घोड्याच्या मापाचीच राहिली. मग दोन दुबळ्यांमध्ये भांडण लागलं आणि ज्या मोटारींनी सगळा रुंद रस्ता घेतला आहे त्या भांडणात कुठेच नाहीत! रस्त्यावर धड सायकलमार्ग द्या, घाईवाले आपोआप तिकडे जातील.

वाटेवर आडव्या लोखंडी पट्ट्या, नागमोडी अडथळे, उंचवटे हे उपायही मला पटत नाहीत. बेदरकार पोरगा त्यातूनही वळसा मारून निघतो, अडकते ती व्हीलचेअर आणि जुळ्यांची बाबागाडी.

मी स्वतः काय केलं? फार काही नाही. पुलाखाली उतरून सायकल हातात धरायला लागलो. पंचावन्नची बासष्ट-त्रेसष्ट मिनिटं झाली. मागून इतर सायकलवाले मला टिंग टिंग करायचे.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? पुण्यातून मुठा उजवा कालवा जातो, खडकवासल्यापासून थेट शहराच्या पोटातून हडपसरकडे. सप्टेंबर 2018 मध्ये दांडेकर पुलाजवळ तो फुटला तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण झाली, एरवी कोणाच्या खिजगणतीत नसतो. पण सकाळी त्याच्या काठाने फिरणारी पुष्कळ मंडळी आहेत, बहुतेक सगळी माईंच्या वयाची. तिथे सायकलवाला फारसा धोक्याचा नाही, तो बिचारा स्वतःच दुर्मिळ! तिथे माणसाच्या मागून येते ती बाइक. शॉर्टकट म्हणून. आणि आपल्या कॉलेजच्या मेन गेटपासून होस्टेलपर्यंतची वाट? सकाळी पावणेनऊला लेक्चर गाठायला सुटलेले आपणच. कॅन्टीनच्या वळणावर मावशी डबे घेऊन चाललेल्या असतात, मागून हॉर्न आला की त्या भिंतीला चिकटतात. चार वर्षं बघतोय. आपण हॉर्न वाजवलेला असतो ना, मग झालं!

परवा आत्याचा फोन आला होता. मी विचारलं, माई जातात का फिरायला? तर जातात, पण घरामागच्या बागेत, तिथल्या तिथे चार फेऱ्या. कालव्यावर नाही. मी असेपर्यंत रविवारी येत होत्या तेवढंच. मग माई स्वतः फोनवर आल्या, परीक्षा कधी आहे विचारलं, जेवण नीट मिळतं का विचारलं. आणि म्हणाल्या, "पुलापाशी ती मोठी बदकं असतात ना रे, त्यांना एव्हाना पिल्लं झाली असतील. तू असतास तर बघून येऊन सांगितलं असतंस."